कारंज्याची मंदिरे आणि मूडबिद्रीच्या पोथ्या

वर्धा जिल्ह्यात एक कारंजा आहे, घाडग्यांचे. पण जैन समाजात नुसते कारंजा म्हटले, की वाशिम जिल्ह्यातले कारंजा लाड समजायचे. दत्तभक्तांना हे गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रिय. त्याच गावात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत: सेनगणाचे पार्श्वनाथ मंदिर, बलात्कारगणाचे चंद्रनाथ मंदिर आणि काष्ठासंघाचे चंद्रनाथ मंदिर. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडावरचे कोरीवकाम निरखून पाहण्याजोगे आहे. तरीही या गावाची खरी श्रीमंती कापडी वेष्टनांत बांधलेल्या पोथ्यांची आहे, असे मला वाटते.

गण आणि संघ म्हणजे मुनींच्या गुरुपरंपरा. मध्ययुगात या परंपरांच्या गाद्या भट्टारकांनी सांभाळल्या. मूर्तींची प्रतिष्ठा करणे, शिष्य शिकवणे आणि ग्रंथ जपणे ही त्यांची कामे. बलात्कारगणाची कारंजा शाखा मूळची मलखेडची; आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले हे गाव म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. दक्षिणेतला हा विद्येचा प्रवाह असा वऱ्हाडात आला. कारंज्यात त्याला व्यापाऱ्यांचा आश्रय मिळाला. सतराव्या शतकातले यात्रेकरू शीलविजय यांनी आपल्या तीर्थमालेत कारंज्याच्या भोज संघवीचे वैभव वर्णिले आहे.

या वैभवाचा एक भाग पोथ्यांवर खर्च होई. ग्रंथाची नक्कल करवून ती मुनींना किंवा मंदिराला अर्पण करणे म्हणजे शास्त्रदान. लेखक शेवटच्या पानावर तिथी, गाव, गुरूचे आणि दात्याचे नाव लिहून ठेवी. अशा प्रशस्ती आणि मूर्तींवरचे लेख जुळवूनच विद्याधर जोहरापूरकरांनी ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो 1958 साली सोलापूरहून निघाला. ज्यांचा इतिहास राजांच्या बखरींत नाही, ती माणसे या शेवटच्या ओळींत भेटतात.

कारंज्याचे भांडार विद्वानांच्या नजरेत भरले ते मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांच्या सूचीमुळे. रायबहादूर हिरालाल यांची ही सूची 1926 साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन कारंज्याच्या पोथ्यांमागे लागले. दहाव्या शतकात मान्यखेटला राहून अपभ्रंशात लिहिणारा महाकवी पुष्पदंत इथे त्यांच्या हाती आला. 1931 साली प. ल. वैद्य यांनी संपादलेले ‘जसहरचरिउ’ कारंजा ग्रंथमालेत छापले गेले. मग हिरालाल जैन यांनी संपादलेले ‘णायकुमारचरिउ’ आले, पाठोपाठ ‘पाहुडदोहा’ आणि ‘करकंडचरिउ’. मराठीच्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांसाठी हे मोठे दालन उघडले.

पण त्याहून मोठे काम पुढेच होते. दिगंबरांचा सर्वांत पूज्य सिद्धांतग्रंथ षट्खंडागम. त्यावरची वीरसेनांची ‘धवला’ ही टीका नवव्या शतकातली. तिच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, जुन्या कन्नड लिपीत जपलेल्या होत्या. शतकानुशतके यात्रेकरूंना सिद्धांतग्रंथांचे फक्त दर्शन मिळे, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताडपत्रे जीर्ण होऊ लागली, तेव्हा सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद अशा श्रावकांच्या खटपटीने नकला सुरू झाल्या. नकलेची नक्कल होत त्या उत्तरेत पोचल्या.

हिरालाल जैन यांनी ‘धवला’चे संपादन हाती घेतले तेव्हा त्यांच्यापुढे अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती होत्या. कारंज्याची प्रत महावीर ब्रह्मचर्याश्रमातली. ब्रह्मचारी देवचंद यांनी 1918 साली काढलेले हे गुरुकुल. हेच देवचंद पुढे मुनी समंतभद्र झाले. गृहस्थाला सिद्धांत वाचण्याचा अधिकार नाही, असे मानणाऱ्यांचा छपाईला विरोध होता. तरी 1939 साली पहिला खंड अमरावतीहून बाहेर पडला. पुढे मूडबिद्रीनेही आपल्या ताडपत्रांवरून पाठ ताडून पाहू दिले, आणि 1958 पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले. दर्शनापुरता उरलेला ग्रंथ घराघरांत वाचण्याजोगा झाला, तो वऱ्हाडातून.

वर्धेने हीच दिशा आणखी पुढे नेली. पवनारच्या विनोबांनी आग्रह धरला, की सर्व जैन पंथांना मान्य होईल असा एक सारग्रंथ हवा. जिनेंद्र वर्णींनी संकलन केले, 1974 साली दिल्लीत सर्व पंथांचे मुनी आणि विद्वान एकत्र बसले, आणि 756 गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. बंद वेष्टन सोडण्याचे धैर्य आधी अमरावती-कारंज्याने दाखवले होते. विनोबांनी पंथांमधल्या गाठी सोडवल्या.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, षट्खंडागमाच्या पूर्तीचे स्मरण होते. पोथ्या बाहेर काढून पुसतात, नवी वेष्टने बांधतात, पूजा करतात. या दिवशी प्रत्येक मंदिरात एक पोथी मोठ्याने वाचली जावी, आणि कॉलेजातल्या चार मुलांना जुनी लिपी शिकवली जावी. पोथी जपली ती वाचण्यासाठी. ती वाचणारे तयार केले नाहीत, तर नकला करणाऱ्या त्या अनाम हातांचे ऋण आपल्यावर तसेच राहील.