आधी खणा, मग बांधा

आओमोरी (जपान) : आपल्या पुलगावात घराचा पाया खणताना जुनी खापरं निघाली, तर काम कोण थांबवतो? जपानात थांबवावं लागतं. कुठल्या जमिनीखाली जुनी वस्ती आहे, याचे नकाशेच इथं सरकारदरबारी तयार असतात. अशा जागी बांधायचं तर 60 दिवस आधी कळवायचं. गरज दिसली की पुरातत्त्ववाले आधी खणतात, नोंदी घेतात आणि मग जागा मोकळी करून देतात. मोठ्या कामांत हा खर्च बहुधा बांधणाऱ्याच्याच माथी. बहुतेक वस्त्या अशा कागदावर उतरतात आणि वर इमारती चढतात.

इथली सान्नाइ-मारुयामा ही वस्ती मात्र वाचली. 1992 साली बेसबॉलच्या स्टेडियमसाठी इथं उत्खनन सुरू झालं. 1994 मध्ये सहा खड्डे लागले. प्रत्येक खड्डा सुमारे दोन मीटर रुंद, तेवढाच खोल आणि शेजारच्यापासून 4.2 मीटरवर. आत चेस्टनटच्या खांबांचे मीटरभर जाडीचे बुंधे ओलाव्यामुळे टिकून होते. बातमी फुटली, लोकांची रीघ लागली आणि त्याच वर्षी स्टेडियमचं सुरू झालेलं काम थांबलं. आज तिथं तसेच खांब पुन्हा उभे केलेत. मूळ इमारत कशी होती यावर एकमत झालं नाही, म्हणून मजले आहेत, पण छप्पर नाही! 2021 पासून ही वस्ती जागतिक वारसा आहे.

5,900 ते 4,200 वर्षांपूर्वी इथं माणसं राहत होती. जपानात भातशेती यायला तेव्हा बराच अवकाश होता. शिकार, मासळी आणि गावाभोवती राखलेली चेस्टनटची झाडं यांवर त्यांचं भागे. संग्रहालयात सालीच्या पट्ट्यांची विणलेली एक इवलीशी पिशवी आहे. तिच्यात अक्रोडाचं अर्धं कवच सापडलं. लहान मुलांना ही माणसं मडक्यात पुरत. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावलाही तशीच दफनं मिळाली आहेत.

आपल्या वर्धेच्या पलीकडच्या काठावर, आर्वीच्या अंगाला असलेलं कौंडिण्यपूर साठच्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी खणलं. पवनारला 1967 मध्ये उत्खनन झालं. ही कामं अभ्यासकांनी ठरवून केली. आपला कायदा संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरांत नवं बांधकाम होऊ देत नाही. पण ज्या पांढरीला अजून स्मारकाचा दर्जाच नाही, तिथं जेसीबी आधी पोचतो. नकाशे करून ठेवायला नगरपरिषदेला काही जपानी तंत्र लागणार नाही.