मातीच्या धावपट्टीवरील वजनाचा हिशेब

अमेरिकेतील ओहायो राज्यात, रॉसबर्ग गावाजवळ, अर्ल बाल्ट्स यांनी १९५४ साली उभारलेल्या एल्डोरा या अर्ध्या मैलाच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर १९७१ पासून ‘वर्ल्ड हंड्रेड’ ही मातीवरील शर्यत होत आली आहे. तीत धावणाऱ्या ‘लेट मॉडेल’ मोटारींच्या पराक्रमाचे श्रेय प्रेक्षक सामान्यतः इंजिनाला देत असले, तरी माझ्या मते त्याचा मोठा वाटा सांगाड्याच्या उंचीला आणि त्यावर विचारपूर्वक वाटून दिलेल्या वजनाला आहे.

हा हिशेब शर्यतीपूर्वीच, कारखान्याच्या समतल फरशीवर मांडला जातो. प्रथम टायरांतील हवा आणि त्यांचा परीघ तपासतात, चालकाला आसनावर बसवितात, सांगाड्यावरील मुकर्रर ठिकाणांची जमिनीपासूनची उंची मोजून दप्तरी नोंदवितात, आणि मगच चारी चाकांखालील काटे वाचतात. कारण उंची ठरल्यावाचून घेतलेल्या वजनाला अर्थ नसतो. वळणे सारी डावीकडची, म्हणून भार उजवीकडे ढळणार; त्याची आगाऊ तजवीज म्हणून निम्म्याहून अधिक वजन डाव्या बाजूस ठेवतात, आणि रेटा मागील चाकांचा असल्यामुळे निम्म्याहून अधिक मागेही ठेवतात. मागच्या डाव्या स्प्रिंगचा पेच आवळला, तर त्या चाकावरचा व तिरप्या रेषेतील पुढच्या उजव्या चाकावरचा भार वाढतो, उरलेल्या दोन चाकांवरचा घटतो, आणि तरीही डाव्या बाजूची बेरीज व मागची बेरीज तसूभरही हलत नाही! यंत्रशास्त्रातील इतका सुबोध आणि इतका सुंदर व्यवहार मला क्वचितच आढळला आहे.

डांबरी मार्गावर मोटार जितकी खाली, तितकी बरी, हा दस्तूर मातीवर पुरा पडत नाही. सायंकाळी ओल्या, चिकट मातीत टायर इतके घट्ट पकडतात की उंच मोटार वळणावर डावी चाके उचलू लागते, म्हणून तेव्हा गुरुत्वमध्य खाली राखावा लागतो. परंतु फेऱ्यांमागून फेऱ्या होऊन तीच माती कोरडी आणि गुळगुळीत झाली की पकड क्षीण होते, आणि उजव्या टायरांनी भूमीत रुतावे यासाठी मोटारीने त्या बाजूस झुकावे, अशी अपेक्षा धरून मेकॅनिक शिशाचे तुकडे सांगाड्यावर वर सरकवितात. एकूण भार २,३०० पौंड धरला, तर ५० पौंड शिसे २३ इंच वर नेल्याने गुरुत्वमध्य अवघा अर्धा इंच चढतो. पण निसरड्या वळणावर चालकाला तेवढाही फरक जाणवतो. हे शिसे निसटले तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते, म्हणून ते बोल्टांनी पक्के जखडण्याची, आणि पुष्कळ ठिकाणी पांढरे रंगवून त्यावर मोटारीचा क्रमांक घालण्याची सक्ती असते.

इंधनाची टाकी मागील आसाच्याही मागे असते, ही गोष्ट मात्र कित्येक नवखे विसरतात. अमेरिकन गॅलनभर पेट्रोल सुमारे ६ पौंड भरते. वीस गॅलन जळले, तर मागचे १२० पौंड गेले, आणि तेही नेमके माती सर्वांत निसरडी असण्याच्या वेळी. म्हणून जाणते मेकॅनिक टाकी भरलेली असताना एकदा, आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंत जेवढे इंधन उरेल तेवढेच ठेवून पुन्हा एकदा, अशी दोनदा मोजदाद करतात, आणि पेच दुसऱ्या आकड्यांवर कायम करतात.