हँडलाचा कोनसेट आणि घरगुती दाबयंत्र

मोटारसायकल मधल्या स्टँडवर घेऊन, इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करावे व हँडल सावकाश फिरवावे. नेमके समोर येताच ते खाचेत बसल्यासारखे अडखळले, तर कोनसेट, म्हणजे हँडलाच्या दांड्याची वरची-खालची बेअरिंगे, झिजला असे समजावे. धावताना हँडल फारसे वळत नाही. त्यामुळे धक्क्यांनी पोलादी गोळ्या एकाच जागी आदळून वाट्यांना खळगे पडतात. असे वाहन सरळ रस्त्यावरही डुलते.

नवी वाटी हातोड्याने ठोकल्यास तिरपी बसण्याचा धोका असतो. त्यापेक्षा आटे पाडलेली लांब सळई गाडीच्या सांगाड्यातील नळीतून ओवावी, दोन्ही टोकांस जाड वायसर व नट लावावेत आणि नट आवळत जावे. वाटी सरळ आत सरकते. जुनी वाटी फेकू नये, टेकण म्हणून तीच उत्तम. खाचांचा नट मात्र आकड्याच्या पान्यानेच फिरवावा, छिन्नीने नव्हे. शेवटी फोर्क पुढेमागे हलवून पाहावा: खडखड नसावी, आणि चाक बोटाच्या धक्क्याने कडेला वळावे.