दाव्याची वाट आणि उपचाराची वाट

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ असलेल्या हेमलकशात बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया समाजासाठी दवाखाना उभा केला. हिवताप, सर्पदंश, झाडावरून पडून मोडलेली हाडे, अस्वलाने केलेल्या जखमा अशा आजारांवर तेथे मोफत उपचार होत आले असल्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये विमा कंपनीला जागाच नव्हती. मात्र मोठ्या शस्त्रक्रियेसाठी किंवा विशेष तज्ज्ञांकडे रुग्णाला चंद्रपूरला अथवा तीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या नागपूरला न्यावे लागते, तेव्हा खर्चाचा प्रश्न उभा राहतो आणि त्या खर्चाबरोबरच रुग्णाच्या नोंदींचा प्रवासही सुरू होतो.

या प्रवासात गडचिरोली जिल्हा मागे नव्हता. राज्य सरकारने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या मोजक्या जिल्ह्यांत लागू केली, त्यांत गडचिरोलीचा समावेश होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. या योजनेचे कामकाज आरंभापासून संगणकावर चालते. रुग्णालयातील आरोग्यमित्र रेशनकार्ड व ओळखपत्र पाहून रुग्णाची नोंद करतो, रुग्णालय तपासण्यांचे अहवाल आणि एक्स-रे जोडून उपचारांची पूर्वमंजुरी मागते, विमा यंत्रणेकडील डॉक्टर ती कागदपत्रे आपल्या पडद्यावर तपासतात, आणि रुग्ण घरी गेल्यावर डिस्चार्ज कार्डासह दावा दाखल झाला की रुग्णालयाला पैसे मिळतात. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की भामरागडचा रस्ता बंद होतो, त्या जिल्ह्यातील रुग्णाच्या नोंदी एक तपाहून अधिक काळ अशा रीतीने विद्युत मार्गाने विमा यंत्रणेपर्यंत पोहोचत आहेत, ही या योजनेची मोठी कामगिरी मानावी लागेल.

तथापि हा मार्ग बांधला गेला तो दाव्यासाठी. नागपूरच्या रुग्णालयाने काय शस्त्रक्रिया केली, कोणते औषध सुरू ठेवले, पुन्हा केव्हा तपासायचे, हे सारे विमा यंत्रणेच्या संगणकावर नोंदलेले असते. पण रुग्ण गावी परतल्यावर त्याला ताप आला, तर जवळच्या डॉक्टरच्या हाती पडते ते केवळ पिशवीत घडी करून आणलेले डिस्चार्ज कार्ड, आणि तेही भिजले नसेल तर. पैशाच्या हिशेबाला लागणारी माहिती आधी धावते आणि उपचाराला लागणारी मागे राहते, हा अनुभव भारतापुरता नाही. अमेरिकेत विम्याच्या दाव्यांचे विद्युत स्वरूप ठरवून देणारा कायदा १९९६ मध्ये झाला, तर रुग्णालयांनी रुग्णनोंदी संगणकावर ठेवाव्यात म्हणून मोठे अनुदान देणारा कायदा २००९ मध्ये आला.

ही दरी बुजवण्याची शक्यता आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे निर्माण झाली आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या या उपक्रमात प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेता येतो. सर्व नोंदी एका मध्यवर्ती कोठारात साठवल्या जात नाहीत. त्या जेथे तयार झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर मागणाऱ्याकडे जातात. संमतीपत्रही विद्युत असते आणि नोंद कोणाला, कोणत्या कारणासाठी, कोणत्या काळातील व किती दिवसांसाठी द्यायची हे त्यात नमूद असते. एका रुग्णालयाचा संगणक दुसऱ्याची नोंद वाचू शकावा यासाठी ‘एफएचआयआर’ ही नोंदींच्या मांडणीची आंतरराष्ट्रीय पद्धत स्वीकारण्यात आली आहे. रक्तगट, निदान, औषधाची मात्रा ही माहिती ठरलेल्या रकान्यांत, ठरलेल्या संकेतांनी लिहायची, एवढाच तिचा अर्थ. दाव्यांच्या देवाणघेवाणीसाठी उभारलेले नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंजही याच मांडणीवर आधारलेले आहे.

संमतीचे मोल किती, हे या भागात आढळणाऱ्या सिकलसेलवरून स्पष्ट होते. या आनुवंशिक आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तपासणीच्या अहवालात ‘एएस’ असेल तर ती व्यक्ती केवळ वाहक असते, ‘एसएस’ असेल तर रुग्ण. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी भूल देताना शरीरातील पाणी, ऊब आणि प्राणवायू कमी पडू न देण्याची विशेष दक्षता घ्यावी लागते, म्हणून भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने ही दोन अक्षरे जीवनमरणाची आहेत. त्याच दोन अक्षरांतून रुग्णाच्या आईवडिलांविषयी आणि भावंडांविषयीही अनुमान काढता येते, आणि एखाद्या वाहकाच्या साध्या हाडमोडीचा दावा तपासणाऱ्याला त्यांची काहीही गरज नसते. उपचारासाठीची संमती आणि दाव्यासाठीची संमती वेगळ्या ठेवण्याची सोय यंत्रणेत आहे. रुग्णालयांनी ती प्रत्यक्षात पाळावी, एकाच अंगठ्यावर दोन्ही उरकू नयेत, असा आग्रह धरणे आवश्यक आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ नुसार संमती स्वेच्छेने, समजून-उमजून दिलेली असली पाहिजे, आणि तिची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही वाचता आली पाहिजे. मात्र त्या अनुसूचीत ना गोंडी आहे ना माडिया. त्यामुळे घरात माडिया बोलणाऱ्या, स्वतःचा मोबाइल नसलेल्या वृद्ध स्त्रीला नातवाच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून घेणे म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेली संमती नव्हे. लोक बिरादरी प्रकल्पाच्या शाळेतून शिकलेली माडिया तरुण पिढी आज या परिसरात आहे. अशा तरुणांना आरोग्यमित्राच्या कामात घेऊन रुग्णाला त्याच्याच भाषेत, कोणता कागद कोणाकडे चालला आहे हे तोंडी समजावून सांगणे कोणत्याही संगणक प्रणालीइतकेच महत्त्वाचे आहे.

हेमलकशाला येणारे रुग्ण केवळ महाराष्ट्राचे नसतात. सीमेपलीकडच्या छत्तीसगडमधील गावांतूनही ते येतात. महाराष्ट्राच्या रेशनकार्डावर उभ्या असलेल्या योजनेला हे रुग्ण दिसत नाहीत, परंतु आभा क्रमांकाला राज्याची सीमा नाही, आणि त्यामुळे येथील केसपेपरवर लिहिलेली नोंद बस्तरमधील जगदलपूरच्या रुग्णालयातही उघडता येऊ शकते, मात्र त्यासाठी तो केसपेपर आधी हेमलकशात संगणकावर चढवणारा माणूस, अखंड वीज आणि टिकणारे नेटवर्क यांची तरतूद सरकारला करावी लागेल.