दात सरकतो, कारण हाड जिवंत असतं
‘तोंड सांभाळा’ लेखमाला : लेखांक ७

मरोळ-मरोशी रस्त्यावर किंवा मिलिटरी रोडला दाताच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेलात, तर रूट कॅनाल, कॅप, इम्प्लांट यांच्या खाली ‘क्लिअर अलायनर’, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, ही ओळ हल्ली सहज सापडते. ती कोणासाठी आहे हे उघड आहे. सीप्झ आणि एमआयडीसीतली कामाची वेळ संपली की मरोळ नाक्याकडे निघणारी तिशी-चाळिशीतली माणसं. त्यांच्या लहानपणी तारा लावायच्या राहून गेल्या. घरात तेवढे पैसे नव्हते, किंवा ‘जेवता येतंय ना, मग कशाला’ एवढ्यावर विषय मिटला. आता पगार स्वतःचा आहे आणि फोटोत ओठ मिटून घ्यायचा कंटाळा आला आहे. या इच्छेला कोणी नटवेपणा म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. एकमेकांवर चढलेल्या दातांच्या मधे ब्रश पोचत नाही, तिथे कीटण साचतं, आणि मागच्या लेखांकात पाहिलेल्या हिरड्यांच्या आजाराला तिथे आयती जागा मिळते.

दवाखान्यात पाऊल टाकताना पहिला प्रश्न मात्र बहुतेक जण ब्रँडचा विचारतात : कोणत्या कंपनीचे ट्रे चांगले? हा प्रश्न मी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवीन. ट्रे फक्त दाब देतो. दात हलवण्याचं काम आपलं हाड करतं. ते कसं, हे एकदा नीट कळलं की बाकीचे निर्णय घेणं बरंच सोपं होतं.

दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला. दाताला हलका पण सतत दाब दिला की ज्या बाजूला मूळ सरकू पाहतं, तिथला थर दबतो. काही दिवसांत तिथे ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जमतात आणि हाडाची भिंत कुरतडू लागतात. उलट बाजूला थर ताणला जातो आणि तिथे ऑस्टिओब्लास्ट पेशी नवं हाड घालतात. म्हणजे दात आहे त्या खोबणीतून उपटून दुसरीकडे जात नाही. खोबणच एका बाजूने खणली जाते, दुसऱ्या बाजूने भरली जाते आणि दाताला घेऊन पुढे सरकते.

स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली आणि रुग्णाच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची आहे. दाब बेताबाहेर गेला की दबलेल्या थरातला रक्तपुरवठा थांबतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात अडून बसतो. मेलेला भाग शरीराने आजूबाजूने पोखरून काढेपर्यंत काही आठवडे जातात. त्यामुळे ‘डॉक्टर, जरा जोर लावा, डिसेंबरात लग्न आहे’ या विनंतीला शरीराकडे उत्तर नाही. सगळं सुरळीत असताना दात महिन्याला फार तर एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो. अलायनरचा एक ट्रे साधारण पाव मिलिमीटरचं काम करतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे चढतो. वीस-तीस ट्रे लागणार असतील तर कालावधीचा हिशेब तुम्हीच घालू शकता.

मोठेपणी दात हलत नाहीत, हा समज मात्र खोटा आहे. ही यंत्रणा साठीतही चालू असते. पंधरा वर्षांच्या मुलापेक्षा सुरुवात मंद होते, इतकंच. मोठ्यांची खरी अडचण वेगळी आहे : जबड्याची वाढ संपलेली असते. लहान मुलात मागे राहिलेल्या खालच्या जबड्याच्या वाढीला थोडं वळण देता येतं, अरुंद टाळू रुंद करता येते. तिशीत दोष दातांचा असेल तर दात हलवून सुटतो. दोष जबड्याच्या हाडाच्या ठेवणीत असेल आणि मोठा असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, किंवा दात हलवून तो झाकण्यापुरतंच समाधान मानावं लागतं. या दोन्हींतलं कुठलं आपलं, हे आरशात पाहून कळत नाही. त्यासाठी पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे लागतो, डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे लागतो आणि ते वाचायला शिकलेला माणूस लागतो.

आता ट्रेकडे. कल्पना वाटते तेवढी नवी नाही. अमेरिकेतल्या हॅरोल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की दातांच्या साच्यात थोडा-थोडा फरक करत एकामागून एक लवचिक साचे घातले तर बरेच दात हलवता येतील. अडचण मेहनतीची होती. प्रत्येक टप्प्यासाठी प्लास्टरचे दात करवतीने कापून, मेणात पुन्हा बसवून नवा साचा करायचा. एका रुग्णासाठी हे तीस वेळा कोण करणार? १९९७ मध्ये स्टॅनफर्डमधून शिकून निघालेले झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली आणि हे काम संगणकाकडे दिलं. चिश्तींनी मोठेपणी तारा लावल्या होत्या. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला दिलेला पारदर्शक रिटेनर काही दिवस घातला नाही की दात थोडे सरकत आणि पुन्हा घातला की जागेवर येत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी ‘इनव्हिजलाइन’ बाजारात आलं. सुरुवातीच्या महत्त्वाच्या पेटंटांची मुदत २०१७ मध्ये संपली आणि मग जगभर कंपन्या उभ्या राहिल्या, आपल्याकडेही. मुंबईत २०१८ मध्ये चार ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी, सुरू केलेली ‘टूथसी’ त्यातलीच.

ट्रे बनतो कसा, हे समजायला मरोळकरांना लांब जावं लागत नाही. शेजारच्या सीप्झमध्ये दागिन्यांचे कारखाने आहेत. तिथे आज अंगठीचं डिझाइन संगणकावर करतात, थ्री-डी प्रिंटरवर त्याचा नमुना छापतात आणि त्यावरून धातू ओततात. अलायनरची वाट सुरुवातीला हुबेहूब हीच आहे. तोंडातल्या स्कॅनरने दातांचं चित्र घ्यायचं, संगणकावर दात टप्प्याटप्प्याने हलवायचे, प्रत्येक टप्प्याचा जबडा रेझिनमध्ये छापायचा आणि त्यावर तापवलेली पारदर्शक प्लास्टिकची चकती ओढून बसवायची. कडा कापून घासल्या की ट्रे तयार. तुमच्या दातांच्या आत्ताच्या जागेपेक्षा तो मुद्दाम किंचित वेगळा असतो आणि तेवढाच फरक दाब बनतो.

गुळगुळीत दातावर प्लास्टिकची पकड नीट बसत नाही. म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाच्या सिमेंटचे बारीक उंचवटे चिकटवतात. दवाखान्यात त्यांना अटॅचमेंट म्हणतात. जागा कमी असेल तर दोन दातांच्या मधलं इनॅमल घासून एका फटीमागे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जागा काढतात. हे ऐकून लोक घाबरतात. नीट मोजून केलं तर त्याने दात कमकुवत होत नाही. पण ‘अदृश्य आणि काही न करता’ अशी जाहिरात वाचून आलेल्याला हे आधी सांगायला हवं.

संगणकाच्या पडद्यावर तुमचे वेडेवाकडे दात काही सेकंदांत ओळीत येतात. हे दृश्य फार मोहात पाडतं. क्रॅव्हिट्झ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पडद्यावरचा अंदाज आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल ताडून पाहिली, तेव्हा सरासरी अचूकता ४१ टक्के निघाली. २०२० मध्ये, प्लास्टिक आणि सॉफ्टवेअर सुधारल्यावर पुन्हा केलेल्या मापनात ती ५० टक्के आली. पटाशीचे दात कलते करणं अलायनरला सोपं जातं. गोलसर सुळे आणि उपदाढा जागच्या जागी फिरवणं अवघड जातं, दात हिरडीतून बाहेर ओढणं त्याहून अवघड. म्हणून ठरलेले ट्रे संपल्यावर पुन्हा स्कॅन करून जादा ट्रे काढावे लागतात, आणि ते ठरलेल्या पैशांत आहेत का, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं. उपदाढा काढून मोठी जागा बंद करायची असेल, तर अनेक अनुभवी ऑर्थोडॉन्टिस्ट आजही तारांकडे झुकतात. तुमच्या केसमध्ये एखाद्याने ‘तारा बऱ्या’ म्हटलं, तर तो जुनाट आहे असं समजू नका.

मग येतात तास. ट्रे दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवा. कागदावर हे सोपं दिसतं. आता आपला दिवस मांडून पाहा. सकाळचा चहा, नाश्ता, अकराचं कटिंग, दुपारचा डबा, चारचा चहा आणि त्याबरोबरचा वडापाव, घरी आल्यावर पुन्हा चहा, रात्रीचं जेवण. प्रत्येक वेळी ट्रे काढायचा, खायचं, दात घासायचे किंवा निदान खळखळून चूळ भरायची आणि लगेच ट्रे घालायचा. एकेका वेळेला अर्धा तास गेला तर तीन-चार तास सहज उडतात, आणि जेवल्यावर गप्पांत ट्रे डबीतच राहिला तर तो दिवस गेलाच. काही जण ट्रे घालूनच चहा पितात. गरम चहाने प्लास्टिक वाकतं, डाग पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे गोड चहा ट्रेच्या आत दाताला लागून राहतो. तिथे लाळ पोचत नाही, मग कीड धरायला वेळ लागत नाही. ट्रे असताना फक्त साधं पाणी प्यावं. चहा दोन वेळांवर आणता येत नसेल, तर तारा जास्त खात्रीच्या आहेत, कारण त्या काढून ठेवता येत नाहीत. वेळ पाळली नाही की दात अर्धवट हलतो, पुढचा ट्रे नीट बसत नाही आणि पुढचे सगळे ट्रे निरुपयोगी होतात.

मोठ्या माणसाच्या तोंडात आधीची कामं झालेली असतात, तिथे क्रम चुकवून चालत नाही. इम्प्लांट हाडाला थेट जुळलेला असतो, त्याच्याभोवती तो तंतूंचा थर नसतो, म्हणून कितीही दाब दिला तरी तो जागचा हलत नाही. पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचा विचार असेल तर आधी दात सरळ करून घ्या, मग इम्प्लांट. दाढ काढून वर्षं गेली असतील तर शेजारचे दात त्या फटीत कलंडलेले असतात. त्यांना उभं केल्याशिवाय मापाची जागा मिळत नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल, मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर पहिले काही महिने हिरड्यांनाच द्यावे लागतात. सुजलेल्या हिरडीत दात हलवला तर आधीच झिजलेलं हाड आणखी जातं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट गटातली गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगाच. ती गोळी हाड कुरतडणाऱ्या पेशींनाच आवरते, आणि दात हलतो तो त्यांच्याच जिवावर.

हे सगळं कोणीतरी तोंडात डोकावून तपासायचं असतं. अमेरिकेत २०१४ मध्ये स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी ट्रे घरपोच पाठवू लागली. बऱ्याच ग्राहकांनी डॉक्टरला प्रत्यक्ष तोंड दाखवलंच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, डिसेंबरात दुकान बंद केलं. उपचार अर्ध्यावर असलेल्यांना पुढचे ट्रे मिळेनात, आणि हप्त्यावर घेतलेल्यांनी हप्ते भरत राहावं अशी अपेक्षा मात्र कायम होती. स्कॅन घरी होवो की दवाखान्यात, योजना कोण आखतो, त्याने एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स केलंय का आणि दर काही आठवड्यांनी तो स्वतः तुमचं तोंड पाहणार आहे का, हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये.

खर्च लाखात जातो, हे खरं. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी हा विचार सोडून देऊ नये. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारांचे उपचार खासगीच्या मानाने फार कमी पैशांत करतात. रांग लांब असते, वेळ जातो. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागल्यामुळे मरोळ नाक्यावरून मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटी ही दोन्ही स्थानकं एका गाडीत गाठता येतात, तेव्हा निदान प्रवासाची सबब उरलेली नाही.

शेवटचा ट्रे निघाला की रिटेनर सुरू होतो, आणि तो रात्रीचा रिटेनर बहुतेकांना कायमचा वापरावा लागतो. हे वाक्य दवाखान्यात पहिल्या दिवशी ऐकायला मिळालं नाही, तर तुम्ही विचारा. नवं हाड पक्कं व्हायला महिने लागतात, हिरडीतले ताणलेले तंतू त्याहून अधिक काळ दाताला मागे ओढत राहतात, आणि वय वाढतं तसे खालचे पुढचे दात तसेही गर्दी करू लागतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट लिटल यांनी १९८१ मध्ये तारांचे उपचार झालेले रुग्ण रिटेनर थांबवल्यानंतर दहा वर्षांनी पुन्हा तपासले. खालचे पुढचे दात समाधानकारक सरळ राहिलेले ३० टक्क्यांहूनही कमी निघाले.

दात परत वाकडे झाले की लोक अक्कलदाढेला दोष देतात आणि ती काढायला दवाखाना गाठतात. अक्कलदाढ पुढचे दात ढकलते, या समजुतीला भक्कम पुरावा नाही. मग ती केव्हा काढावी आणि केव्हा तिला हात लावू नये, ते पुढच्या आठवड्यात.