घर बांधताना वाळू कुठे टाकायची, राडारोडा कुठे न्यायचा?

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर-कलबुर्गी रेल्वेमार्गावरचे, कर्नाटकच्या उंबरठ्यावरचे गाव. या पट्ट्यात माळवद उतरवून स्लॅबचे घर बांधायला घेतले की दोन ढीग एकदम दारात येतात. एक पाडलेल्या घराचा, दुसरा नव्या मालाचा. बोळ अरुंद असेल, तर दोन्हींना जागा एकच उरते, ती म्हणजे रस्ता.

नियम काय सांगतो?

केंद्राने २०१६ मध्ये बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम केले. एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळे करून नगरपरिषदेला आराखडा देण्याची अट त्या नियमांत होती. साधे घर या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पण राडारोडा आपल्याच आवारात ठेवायचा किंवा ठरवून दिलेल्या जागी पोहोचवायचा, रस्ता आणि गटार अडवायचे नाही, हे बंधन लहान घरमालकावरही आहे. एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. त्यातली मोठी जबाबदारी २० हजार चौरस मीटर व त्यापुढच्या बांधकामांवर आहे.

माळवदाचे काय?

खरे तर माळवद उतरवले की वाया फारसे जात नाही. दगड पायात किंवा कुंपणात जातो, तुळया विकल्या जातात, पांढरी माती शेतकरी रानात टाकायला नेतात. अडचण होते ती सिमेंटच्या भिंती, फुटकी शहाबादी आणि टाइल्स यांची. हा माल फोडून जोत्याच्या भरावात, मुरुमासोबत वापरता येतो. पायातून निघालेली काळी माती मात्र भरावात घालू नये. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वरची फरशी उचलते. तिची जागा शेतात.

वाळू आणि सिमेंट

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अंदाजे साडेचार टन वाळू. ती रस्त्यावर पसरली की दुचाकी घसरते. पहिल्याच पावसात ती गटारीत उतरते आणि पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी येते. भांडणे इथूनच सुरू होतात! उपाय स्वस्त आहे. तिन्ही बाजूंनी विटांचा कोरडा दोन फुटी कट्टा रचावा, वर ताडपत्री टाकावी आणि लागेल तसा माल मागवावा. सगळी वाळू एकदम आणण्यात वाचतात ते फक्त वाहतुकीचे पैसे.

सिमेंटची गोणी ५० किलोची. फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुटी रचावी. एकावर एक दहापेक्षा जास्त नको. नीट ठेवूनही तीन महिन्यांत सिमेंटची ताकद सुमारे २० टक्के घटते. दिवाळीत स्वस्त मिळाले म्हणून उन्हाळ्यासाठी साठवणे तोट्याचेच.

घमेली आणि मिक्सर धुतलेले पाणी गटारीत सोडू नये, ते आत घट्ट बसते. रिकाम्या गोण्या प्लास्टिकच्या असतात, त्या जाळू नयेत.

ठेकेदाराशी काय ठरवाल?

मजुरीचा दर ठरतो, राडारोडा कोण उचलणार हे बहुधा ठरत नाही. काम संपल्यावर गवंडी म्हणतो मालकाचे काम, मालक म्हणतो ठेकेद्याचे. त्यामुळे ट्रॉलीच्या किती खेपा, कुणाच्या खर्चाने आणि कुठे, हे कागदावर लिहून घ्यावे. जागा आधी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाला विचारावी. ओढ्याचा काठ ही ती जागा नव्हे.