'खेळकरपणा' म्हणजे काय?

प्रगतिपत्रकावरील एखादा शब्द केवढा घोटाळा करूं शकतो, याचा अनुभव आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं आला. एका विद्यार्थ्याच्या पत्रकावर आम्हीं 'स्वभाव खेळकर' असा शेरा दिला. आमच्या मतें ती स्तुति होती. परंतु 'मुलगा नुसता खेळत असतो' असा त्याचा अर्थ घेऊन वडिलांनीं त्याचें सायंकाळचें खेळणें बंद केलें. एरवीं आनंदी असणारा तो मुलगा वर्गांत मुकाट बसूं लागला, तेव्हां चौकशी करतां हा प्रकार कळला. दोष वडिलांचा नव्हता. शब्द मोघमपणें वापरणाऱ्या आमचाच होता. म्हणून आज या शब्दाचा थोडा विचार करूं.

प्रथम 'खेळाडू' आणि 'खेळकर' यांतील भेद पाहूं. मनुष्य काय करतो हें पहिला शब्द सांगतो. त्याची वृत्ति कशी आहे हें दुसरा. हुतूतूंत नांव मिळविलेला गडी हरतांच रुसून बसला, तर तो खेळाडू खरा, पण खेळकर नव्हे. उलट, जिला उंबरठा ओलांडणेंही जड जातें अशी आजी नातवंडांना कोडीं घालून हंसविते. तिनें कधीं मैदान पाहिलें नसलें तरी ती खेळकर होय.

'खोडकर' हा शब्द उच्चारानें जवळचा, पण अर्थानें दूरचा आहे. खोडकर मुलगा सोबत्याची टोपी लपवितो आणि तो रडकुंडीस आला कीं स्वतः हंसतो. खेळकर मुलगाही टोपी लपवील. पण सोबत्याचा चेहरा उतरलेला दिसतांच ती त्याच्या हातीं देईल. एकटाच हंसतो ती खोडी. दोघेही हंसतात तो खेळ. आपल्या 'खेळीमेळी' या शब्दांत खेळाच्या शेजारीं मेळ बसला आहे, तो उगीच नव्हे. तसेंच, पोरकटपणास वेळकाळ समजत नाहीं. खेळकरपणास तो नेमका समजतो.

खेळकरपणा अभ्यासास मारक आहे काय? जर्मनींत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' म्हणजे 'बालोद्यान' असें नांव दिलें. मूल खेळतां खेळतांच शिकतें, हें तिचें मूळ तत्त्व होतें. मोठ्यांचेंही तसेंच आहे. सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांना निरनिराळ्या रंगांचे जंतु वाढवून त्यांचीं चित्रें तयार करण्याचा छंद होता. १९२८ सालीं त्यांच्या एका बशींत बुरशी वाढली आणि तिच्याभोंवतालचे जंतु नाहींसे झालेले त्यांना दिसले. बिघडलेली बशी म्हणून ती फेंकून न देतां त्यांनीं कुतूहलानें तिचा पाठपुरावा केला, आणि पेनिसिलिनचा शोध लागला. छंदामुळेंच शोध लागला असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चुकलेल्या गोष्टीवर न चिडतां 'हें असें कां झालें?' असें विचारणारें मन खेळकर असतें, व तेंच शिकण्यास योग्य असतें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, शेऱ्याचा अर्थ संदिग्ध वाटल्यास मुलास शिक्षा करण्यापूर्वीं शिक्षकास अवश्य विचारावें. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, खेळकरपणाच्या नांवाखालीं कामचुकारपणा खपत नाहीं. गणित सुटेपर्यंत न कंटाळतां त्याच्याशीं झुंजणें हाही खेळकरपणाच.

त्या मुलाचे वडील पुढें शाळेंत येऊन भेटले, आम्हीं त्यांची क्षमा मागितली, आणि मुलगा पुन्हां मैदानावर दिसूं लागला. पुढील सत्राच्या पत्रकावर आम्हीं तो एक शब्द गाळून पूर्ण वाक्य लिहिलें : 'काम मन लावून करतो, हंसतमुखानें करतो, आणि इतरांसही हंसवितो.'